परत न आलेले पाय

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाही, तेव्हा यापुढे पत्रच लिहीत जा, असा तू दम दिलास, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी टेबल ओढून बसलो आहे. तुझी वहिनी दोनदा येऊन कागदावर डोकावून गेली. तिला वाटलं मी मापं काढतो आहे.

आमचे जुने साहेब निवृत्त झाले हे तुला माहीत आहे. त्यांच्या जागी एक बाई आल्या आहेत. वय तुझ्याएवढंच, चालही तुझ्यासारखीच, म्हणजे जिथे पोचायचं तिथे आधी आवाज पोचतो. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सुताराला बोलावलं आणि कार्यशाळेचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून टाकलं. ‘आत येऊ नये’ अशी पाटी असलेलं ते दार. मी इथे लागलो तेव्हापासून ते बंद बघत आलो. आता तिथे नुसती चौकट आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आत मान घालून जातो. माझी पाठ सारखी त्या बाजूला असते, त्यामुळे दिवसभर मानेवर माशी बसल्यासारखं वाटतं.

तू दवाखान्यात नोकरीला असूनही आमचं काम कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. ज्यांचा पाय गेला आहे त्यांचं माप पलीकडच्या इमारतीत घेतात. तिथून प्लास्टरचा साचा आणि मापाचा कागद एका खिडकीतून आमच्याकडे येतो. भट्टीवाल्या काकू प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करून देतात. मी तो साच्यावर ओढतो, कापतो, कडा घासतो. त्याचं सॉकेट होतं, म्हणजे राहिलेला पाय ज्यात बसतो ती खोळ. पुढचा माणूस त्याला नळी आणि पाऊल जोडतो आणि तयार पाय त्याच खिडकीतून बाहेर जातो. तो कोणाचा, तो माणूस काळा का गोरा, हे आम्हाला कळत नसे आणि कळायचं कारणही नव्हतं.

खिडकीशेजारी एक फडताळ होतं. टोचतो किंवा घासतो म्हणून एखादा पाय परत आला, की तो आठवडाभर त्या फडताळावर ठेवायचा आणि खाली करणाऱ्याचं नाव लावायचं, असा जुन्या साहेबांचा नियम होता. माझं नाव तिथे एकदाही लागलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नसेल, पण तुझ्या वहिनीने आपल्या सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलं आहे. बाईंनी ते फडताळही काढलं. निदान त्याला तरी हात लावणार नाहीत असं वाटलं होतं.

पुढे ऐक. आता ज्याचा पाय आहे त्याने स्वतः आत यायचं, आमच्यासमोर खुर्चीवर बसायचं, आणि आम्ही त्याच्याशी बोलायचं. म्हणजे मीसुद्धा बोलायचं. तू हसते आहेस हे मला इथून दिसतं आहे.

तब्येत सांभाळ. दवाखान्यातल्यांना बरं करता करता स्वतः आजारी पडू नकोस. तुझी माया आहे तशीच असावी, एवढंच मागणं.

तुझा
दादा


१५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चहाच्या सुट्टीत उघडलं आणि चहा गार झाला. एवढं लांब पत्र तू लिहू शकतोस हे कळल्यामुळे आता तुला कुठलीच सबब चालणार नाही.

हसले, अगदी पोट धरून हसले. घरी पाहुणे आले की कॉटखाली जाऊन बसणारा माझा दादा आता खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारणार. वहिनीला तू पहिल्यांदा भेटलास तेव्हा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हतास, तिच्या सँडलचा तुटलेला पट्टा मात्र शिवून दिला होतास. तिने लग्नाला होकार त्या पट्ट्यामुळे दिला असं ती अजून सांगते. तेव्हा तुझ्या न बोलण्यानेही कामं होतात, काळजी करू नकोस.

पण दादा, मी तुझ्या बाईंच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते. जो पाय घालून चालणार, त्याचं तोंडही न बघता पाय करायचा, हे मला नेहमी विचित्र वाटत आलं आहे. बदल म्हटला की पहिले काही दिवस सगळे कुरकुरतात. आता माझंच बघ. मेट्रन झाल्यावर मी एकच गोष्ट बदलली. पूर्वी सकाळच्या नर्सेस जाताना दुपारच्या नर्सेसना आतल्या खोलीत बसून पेशंटची माहिती द्यायच्या. मी म्हटलं, ती पेशंटच्या पलंगाशेजारी उभं राहून द्या, त्यालाही ऐकू दे. तेवढ्यावरून आमच्या मोठ्या सिस्टर माझ्याशी अबोला धरून बसल्या आहेत. मी नवी नवी नर्स होते तेव्हा ज्यांनी मला सुई धरायला शिकवली, त्या आता ‘हो मॅडम’ आणि ‘नाही मॅडम’ यापलीकडे बोलत नाहीत. मी लक्ष देत नाही. सवय होईल त्यांनाही. तुलाही होईल.

बाईंना त्रास देऊ नकोस. बिचारीला तुझ्यासारखे किती सांभाळायचे असतील.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ थोडा वाढवलास तरी मी तक्रार करणार नाही.

तुझी
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू बाईंच्या बाजूची आहेस हे वाचून नवल वाटलं नाही. तू लहानपणीही कायम पंचाच्या बाजूची असायचीस, कारण बहुतेक वेळा पंच तूच असायचीस.

इकडची नवी बातमी अशी, की रोज सकाळी आम्ही सगळे गोल करून उभे राहतो आणि आज मन कसं आहे ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं असतं. पहिल्या दिवशी सुरुवात माझ्यापासून झाली. मी म्हटलं, बरं आहे. माझ्या शेजारचा पाऊलजोड्या म्हणाला, बरं आहे. असं बरं आहे, बरं आहे करत आख्खा गोल फिरून बाईंपर्यंत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. काल भट्टीवाल्या काकू म्हणाल्या, की त्यांचं मन कालच्यासारखंच आहे, पत्रा मात्र भट्टीत करपतो आहे. बाईंना हसू आवरेना. तरी गोल काही सुटला नाही.

बाकांची जागाही बदलली आहे. येणाऱ्या माणसांना उजेडात बसता यावं म्हणून बाईंनी सुट्टीच्या दिवशी माणसं लावून आमची कामाची बाकं चौकटीजवळ आणवली. सकाळी कामावर गेलो तर माझं बाक माझ्या जागी नव्हतं. घरी आल्यावर आपल्या उशीवर दुसरंच कोणी झोपलेलं दिसावं तसं झालं.

येत्या आठवड्यापासून माणसं आत यायला लागतील. माझ्याकडे पहिला कोणी घरं रंगवणारा आहे म्हणे.

बाकी सगळं ठीक. थंडी आहे. मन बरं आहे.

तुझा
दादा


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून माझ्या मागे मागे फिरायचीस. त्या हक्काने तुला हे लिहिते आहे. दादाला यातलं काही कळू देऊ नकोस.

‘बाकी सगळं ठीक’ असं त्यांनी तुला लिहिलं ते मी वाचलं, कारण पाकीट मीच चिकटवलं. ठीक काही नाही. परवा तो रंगारी यायचा होता. हे सकाळी कामावर गेले आणि दुपारच्या आत घरी परत आले. एवढ्या वर्षांत कधी असे मधूनच आले नव्हते. विचारलं तर म्हणाले, पोट दुखतंय. मग माझ्यासमोर बसून पोटभर जेवले.

खरी गोष्ट मला भट्टीवाल्या काकूंकडून कळली. रंगारी आला, खुर्चीवर बसला, यांच्याकडे बघून छान हसला आणि राम राम म्हणाला. हे पत्रा आणतो म्हणून भांडारात गेले आणि तिथून मागच्या दाराने बाहेर पडले. तो बिचारा बराच वेळ बसून होता. शेवटी काकूंनी त्याला चहा पाजला आणि यांची तब्येत बिघडली असं सांगून पाठवलं.

काल मला म्हणाले, की ते काम सोडणार आहेत. सामानाच्या दुकानात गोदाम सांभाळायला माणूस हवा आहे, तिथे बोलावं लागत नाही.  संध्याकाळी ते आपली कडा घासायची कानस घरी घेऊन आले, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि नंतर दोनदा कपाट उघडून बघितलं. ज्या माणसाला सॉकेटची कड कुठे किती घासायची हे डोळे मिटून बोटाने कळतं, तो गोदामात खोकी कशी मोजणार, तूच सांग.

मला राग बाईंचा येत नाही. त्या वाईट नाहीत. एकदा दुकानात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, की यांच्यासारखा हात त्यांनी दुसरा पाहिलेला नाही. मी म्हटलं, हे यांना सांगितलंत का. तर म्हणाल्या, ते बोलायला उभेच राहत नाहीत.

तूच काहीतरी लिही. तुझं ते ऐकतात. म्हणजे ऐकत नाहीत, पण पत्र पुन्हा पुन्हा वाचतात.

सवड मिळेल तेव्हा ये. या घरात तुझी वाट बघणारं एक माणूस जास्तीचं आहे असं समज.

तुझी
वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यावेळी तुला चिडवायचं नाही असं ठरवून बसले आहे. किती वेळ टिकतं बघू.

मोठ्या सिस्टरांबद्दल तुला लिहिलं होतं, आणि मी लक्ष देत नाही असंही लिहिलं होतं. ते खोटं होतं. लक्ष फार जातं. तुझ्या पत्रातली ती बाकाची हकीकत वाचली आणि डोक्यातून जाईना. घरी आल्यावर उशीवर दुसरंच कोणी. वॉर्डातून फेरी मारताना मला एकदम वाटलं, की मी सिस्टरांचं बाक उचलून दुसरीकडे ठेवलं आहे आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही. पेशंटशेजारी उभं राहून बोलायचं, हे मला अजूनही बरोबरच वाटतं. पण बरोबर आहे म्हणून मी ते नोटीस लावून सांगितलं. ज्यांच्याकडून सगळं शिकले, त्यांना ते भिंतीवर वाचून कळलं.

मला तुझी मदत हवी आहे. सिस्टरांना विचारायला गेले तर त्या ‘ठीक आहे मॅडम’ म्हणतील. मला नेमका प्रश्न सापडत नाही. तू खुर्चीच्या त्या बाजूला आहेस, तेव्हा तू सांग. तुमच्या बाईंनी दार काढायच्या आधी तुला काय विचारलं असतं, तर तू खरं उत्तर दिलं असतंस? नीट विचार करून लिही. मी उत्तरासाठी अडून बसले आहे. तोपर्यंत नोकरी-बिकरी बदलायचे उद्योग करू नकोस, सहज म्हणते आहे.

बघ, शेवटच्या वाक्यापर्यंत टिकले.

उत्तर लवकर दे आणि सोबत थोडी माया घाल, वजन वाढलं तरी चालेल.

तुझी
भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीने तुला सगळं कळवलं हे ‘सहज म्हणते आहे’ वरून कळलं. मी तिला काही बोललो नाही. उलट आज तिनेच मला टेबल पुसून दिलं आणि म्हणाली, लिहा आता सगळं, सुरुवातीपासून.

तुझा प्रश्न मी चार-पाच दिवस डोक्यात घोळवला. उत्तर सापडलं ते अगदी साधं होतं. या दारातून माणूस आत आला तर तुम्हाला भीती कशाची वाटते, एवढं मला कोणी विचारायला हवं होतं. सापडल्यावर वाटलं, हे तुला लिहायचं आणि बाईंना नाही सांगायचं, हे काही खरं नाही. म्हणून सकाळी लवकर गेलो. पण त्या दिवशी माझ्याआधी दुसरंच घडलं.

भट्टीवाल्या काकूंनी बाईंना गाठलं होतं आणि तोंडावर सांगितलं होतं, की बाकं हलवल्यापासून भट्टी आणि माझं बाक यांच्यातलं अंतर वाढलं आहे. पत्रा माझ्यापर्यंत पोचेतो निवतो आणि साच्यावर ओढताना त्याला सुरकुती पडते. हे खरं होतं. मीही रोज बघत होतो आणि गप्प होतो. काकूंचा आवाज चढलेला ऐकून आम्ही सगळे कामं थांबवून उभे राहिलो. जुने साहेब असते तर काकूंची त्या दिवशी धडगत नव्हती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, की माझं चुकलं, मी तुम्हाला न विचारता बाकं हलवली, आज आपण ती परत ठेवू. आणि स्वतः माझ्या बाकाचं एक टोक उचललं.

भिंगरी, मी त्या कार्यशाळेत तरुणाचा म्हातारा होत आलो. ‘माझं चुकलं’ हे शब्द मी तिथे कोणाच्याही तोंडून ऐकले नव्हते. बाईंनी ते म्हटलं आणि छत काही कोसळलं नाही. आम्ही बाकं उचलली, जागेवर ठेवली, काकूंनी पुढचा पत्रा भट्टीत टाकला. सकाळचा तो गोलही बाईंनी त्याच दिवशी बंद केला. म्हणाल्या, तुमची मनं बरी आहेत हे आता पुरेसं कळलं.

बाक ठेवताना त्या माझ्या समोरच होत्या. मी सांगून टाकलं, की मला बोलता येत नाही, माणूस समोर बसला की जीभ टाळ्याला चिकटते, त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. त्या म्हणाल्या, की बोलायची सक्ती नाही. तुम्ही तुमचं काम करा, तो शेजारी बसेल, बोलायचं काम त्याच्याकडे देऊ.

तो रंगारी पुन्हा आला. बोलायचं काम त्याच्याकडे दिलं तर तो ते किती मन लावून करतो हे तुला काय सांगू. बसल्या बसल्या आमच्या भिंतींना नावं ठेवली. हा रंग कोणी निवडला, त्याला कोणीतरी औषध द्यायला हवं होतं, म्हणाला. मी मान खाली घालून कड घासत होतो. मग त्याने जुना पाय काढला, आणि त्यातून एक मोजा काढून माझ्या बाकावर ठेवला. मग दुसरा मोजा. मग तिसरा. मग टॉवेलचा एक तुकडा, नीट घडी केलेला. सगळं ओळीने मांडलं आणि म्हणाला, की पाय झकास आहे, फक्त आत आणखी एका पाहुण्याची सोय आहे.

मी सॉकेट हातात घेतलं. आम्ही प्रत्येक जण आतल्या कडेवर आपली खूण करतो. ती माझी होती.

मी त्याला विचारलं, की हा परत का नाही आणलात. अनोळखी माणसाला मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. तो म्हणाला, आणला होता एकदा. खिडकीपाशी कळलं, की परत दिला तर करणाऱ्याचं नाव लागतं. मग म्हटलं, मोज्याने भागतंय तर कशाला कोणाला बोलणी खायला लावा.

माझे हात थांबले. टोचणारा पाय परत येतो, सैल पाय येत नाही, हे माझ्या हातांना केव्हाच कळलं होतं. मनाला मी ते कळू दिलं नव्हतं. थोडं कमी घट्ट, थोडी जास्तीची जागा, म्हणजे नाव लागत नाही. माझे पाय परत आले नाहीत, कारण लोकांनी ते मोजे कोंबून चालवून घेतले. काही जणांनी तर पलंगाखाली टाकून दिले असतील. मला खूप वाईट वाटलं, आणि ते लपवायला यावेळी भांडारात जावंसं वाटलं नाही. मी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की हा पाय मी केला आहे आणि तो सैल आहे.  मग पाऊलजोड्या म्हणाला, की त्याच्या जोडणीचंही तसंच आहे, टाच तो मुद्दाम मऊ ठेवतो. पलीकडून आणखी एक जण बोलला. काकूंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, की एवढं सगळ्यांना ठाऊक होतं तर आपण कोणापासून लपवत होतो. त्यावर आधी कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसत सुटलो.

रंगाऱ्याचा नवा पाय मी त्याला शेजारी बसवून केला. घालायचा, उभं राहायचं, कुठे लागतं ते सांगायचं, काढायचा, मी घासायचं, पुन्हा घालायचा. टोचला की तो तिथल्या तिथे ओरडायचा आणि मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. एवढं सोपं होतं ते. त्याला शिडीवर चढायचं असतं हे मापाच्या कागदावर कधीच आलं नसतं. पाऊलजोड्याने त्याला पावलाचा पुढचा भाग थोडा ताठ करून दिला, पायरीवर पकड यावी म्हणून.

काल बाईंनी शिडी आणवली. मी खालून धरून उभा होतो. तो एकेक पायरी चढत गेला आणि आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. पार वर पोचल्यावर त्याने छताकडे निरखून बघितलं आणि वरूनच सांगितलं, की खालून दिसत नाही म्हणून बरं, हे छत रंगवणाऱ्याला तर देशाबाहेर काढायला हवं. मी इतका हसलो की शिडी हलली आणि तो वरून मलाच ओरडला.

कानस कपाटातून बाहेर काढली आहे. मोठ्या सिस्टरांना तो प्रश्न विचारलास का, ते कळव.

तुझा
दादा

ता. क. मीही दोन ओळी लिहिते. काल घरी आले ते जेवताना आपणहून बोलत होते. मी मधे मधे ‘हं’ आणि ‘बरं’ म्हणत होते. – वहिनी


२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आमच्या परिचारिकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. रागावू नकोस. टॉवेलच्या तुकड्यापाशी सगळ्या हसल्या आणि तुझी खूण निघाली तो भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.

सिस्टरांना विचारलं.  त्या म्हणाल्या, की हल्ली त्यांना औषधांची नावं पटकन आठवत नाहीत. बंद खोलीत कागद बघून सांगता येतं. पेशंटसमोर अडखळलं तर त्याचा विश्वास उडेल, आणि नव्या मुलींसमोर अडखळलं तर आपली शोभा होईल. एवढीच गोष्ट होती. मी ‘सवय होईल’ म्हणत बसले होते. आता पलंगापाशी जाताना सगळ्याच जणी हातात कागद धरतात, मीसुद्धा. सिस्टरांनी मला काल पुन्हा नावाने हाक मारली, आणि लगेच माझी टोपी वाकडी आहे म्हणून ओरडल्या. मला इतकं बरं वाटलं.

आता कामाचं. आमच्याकडे ज्यांचे पाय कापावे लागतात, ती माणसं घरी जातात आणि कित्येकदा पुढे कुठेच जात नाहीत. तुमच्या कार्यशाळेतला कोणी इथे येऊन वॉर्डात त्यांना भेटला तर फरक पडेल असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. तुमच्या बाईंना तसं रीतसर कळवलं आहे. कोण येईल ते त्या तुमच्यातच विचारतील. तूच यायला हवंस असं मी मुळीच म्हणत नाही. मला विचारायला शिकायचं आहे ना.

तुझ्या मायेच्या जोरावर दिवस छान चालले आहेत, त्यात कपात नको.

तुझी
भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाईंनी विचारलं, कोण जाईल. मी हात वर केला. काकूंना वाटलं मला पत्रा हवा आहे.

सोमवारी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता विचारत येईन.

तुझा
दादा


१७ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप आहे. जेवतो, झोपतो, आणि माझ्या घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या त्याने नीट बसवून दिल्या आहेत. शुक्रवारी निघतो म्हणाला होता, पण आता चार दिवस जास्त राहणार आहे. कारण सांगते.

आमच्या वॉर्डात एक बस ड्रायव्हर आहे. धिप्पाड माणूस, चाळिशीचा. महिन्यापूर्वी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून त्याने भिंतीकडे तोंड केलं ते वळवलंच नाही. बायको रोज येते, शेजारी बसते, जाते. डॉक्टर बोलून थकले. मी तर त्याच्याशी इतकं बोलले की शेवटी माझा मलाच कंटाळा आला. दादाला मी सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे नेलं, कारण खरं सांगायचं तर मला दादाचीच काळजी वाटत होती.

दादा त्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला आणि काही बोललाच नाही. मी दाराशी उभी होते. मोठ्या सिस्टर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आतमध्ये एक भिंतीकडे बघतो आहे आणि दुसरा स्वतःच्या गुडघ्यांकडे. मला आत जाऊन काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण सिस्टरांनी माझा दंड धरून ठेवला. शेवटी त्या ड्रायव्हरनेच मान वळवली, हा कोण बसला आहे ते बघायला, आणि विचारलं, की तुमचं काय काम आहे. दादा म्हणाला, की मी पाय करतो, तुमचा मला करायचा आहे, पण बसमधून उतरताना तुम्ही आधी कोणता पाय खाली टाकता ते मला माहीत नाही.

तो विचारात पडला. त्याला सांगता येईना. इतकी वर्षं बस चालवली पण हे कधी बघितलंच नाही म्हणाला. मग उठून बसला, पलंगाच्या कडेला आला, हाताने स्टिअरिंग धरल्यासारखं केलं, आणि दोघं मिळून त्याचं उतरणं आठवायला लागले. ब्रेक कुठे, पायरी किती उंच, पाऊस असला की काय करतो, पाठीमागून प्रवासी हाका मारत असले की काय करतो. दादा विचारतच सुटला. वहिनी, आपला दादा. भेटीची वेळ संपली तरी उठेना. सिस्टरांनी जाऊन घड्याळ दाखवलं, तर त्यांनाच म्हणाला, की थोडं थांबा, आम्ही अजून बसमध्येच आहोत.

ड्रायव्हर मोठ्याने हसला. त्याचा आवाज इतका भरदार आहे हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं.

आज त्याची बायको आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून नव्हता, टेकून बसला होता. त्याने तिला सांगितलं, की उद्या येताना घरून बूट घेऊन ये, पावलाचं माप घ्यायचं आहे.  तिने हळूच विचारलं, की कोणता आणू.

तो म्हणाला, दोन्ही.

तुझी माया मला पुरून उरते, ती तशीच उतू जाऊ दे.

तुझी
भिंगरी